कथा आणि वर्णन

इंग्रजीत ज्याला नॉव्हेल म्हणतात, त्या वाङ्मयप्रकाराला गुजरातीत ‘नवलकथा’ हे नाव मिळाले, हिंदीत ‘उपन्यास’. मराठीने मात्र त्यासाठी एका ग्रंथाचेच नाव उचलले. सातव्या शतकात सम्राट हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने संस्कृतात ‘कादंबरी’ नावाची गद्यकथा लिहिली. ती त्याच्या हातून पुरी झाली नाही. उरलेला भाग पुढे त्याच्या पुत्राने रचला. ह्या ग्रंथातील एखादे वाक्य पानभर चालते. राजा दरबारात बसला आहे एवढेच सांगावयाचे असले, तरी उपमा, श्लेष आणि विशेषणे ह्यांची रांग लागते आणि क्रियापदाची वाट पाहता पाहता वाचकाचा श्वास कोंडतो. हा त्या ग्रंथाचा दोष नव्हे. त्या काळच्या रसिकाला तेच हवे होते. परंतु आपल्या कथावाङ्मयाचे बारसे अशा ग्रंथाच्या नावाने झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण नावाबरोबर वारसाही आला.

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती बाबा पदमनजी ह्यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. तिचा विषय हिंदू विधवांची दुःखस्थिती हा होता. मात्र तिच्यामागून आलेल्या पुष्कळ लेखकांनी वाट धरली ती बाणभट्टाची. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची आणि नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालची. अद्भुत प्रसंग, राजपुत्र, विरह आणि ह्या सर्वांवर वर्णनांची आरास, असे ह्या वळणाच्या कादंबऱ्यांचे स्वरूप होते. लोकांनी त्या आवडीने वाचल्या. आज त्या अभ्यासकांखेरीज फारसे कोणी उघडीत नाही.

आपल्याला आणखी एक वारसा होता, आणि तो घरातच होता. श्रावणात आजी कहाणी सांगे. कहाणीतले ते आटपाट नगर आठवा. ते केवढे होते, त्याला वेशी किती, बाजारपेठ कशी, ह्यांविषयी आजी एक अक्षर बोलत नसे. नगराचे नाव घेतले की लगेच तेथे एक गरीब ब्राह्मण असे, एक राजा असे, आणि गोष्ट चालू लागे. ऐकणारे मूल नगर आपल्या मनाने उभे करी. शहापूरच्या मुलाचे आटपाट नगर शहापूरसारखे दिसे, मुरबाडच्या मुलाचे मुरबाडसारखे. सांगणारणीने रंग भरला नाही, म्हणून ऐकणाऱ्याला तो भरता आला.

देवळातले कीर्तनकारबुवा ह्या दोन वारशांच्या मधोमध उभे असत. पूर्वरंगातील निरूपण आटोपून बुवा उत्तररंगात आख्यान लावीत. सीतास्वयंवराचे आख्यान असले, म्हणजे मंडपाचे वर्णन आलेच पाहिजे. तोरणे, रांगोळ्या, देशोदेशीचे राजे. परंतु चांगल्या बुवांची नजर वर्णन करीत असताना श्रोत्यांवर खिळलेली असे. खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्याची मान पुढे झुकली, पोरे चुळबुळ करू लागली, की बुवा तोरणे अर्ध्यावर सोडून धनुष्याकडे वळत. वर्णन किती करावे, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांना ग्रंथात शोधावे लागत नसे. ते समोर बसलेले असे.

लेखकाची अडचण ही की, त्याला हे डोळे दिसत नाहीत. तो एकटा बसून लिहितो आणि वाचक दूर कोठेतरी एकटा बसून वाचतो. त्यातल्या त्यात साप्ताहिकातून क्रमशः लिहिणारा लेखक कीर्तनकाराच्या जवळ येतो. १८९० साली हरि नारायण आपटे ह्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी आठवड्यामागून आठवडा प्रसिद्ध होऊ लागली. ज्याला पुढच्या अंकाची वाट पाहावयाची आहे, त्या वाचकाला पानभर चंद्रोदय देऊन चालत नाही. हरिभाऊंनी कथा सांगण्याचे काम यमू ह्या बालविवाहित मुलीकडे सोपविले. तीच आपली हकीकत सांगते, आणि ह्या एका योजनेने वर्णनाचा प्रश्न निम्मा सुटला. घराचा जो भाग यमूला दिसतो, तोच आपल्याला दिसतो. जे तिच्या मनाला झोंबते, त्याचेच वर्णन येते. कवीच्या चंद्राला तिच्या स्वयंपाकघरात जागाच नव्हती. ह्याच हरिभाऊंनी पुढे ‘करमणुकी’तून ‘उषःकाल’सारखी ऐतिहासिक कादंबरी लिहिली, तीत त्यांची लेखणी अधिक पसरलेली आहे; आजच्या वाचकाला ती जागोजागी पसरट वाटते, हे मान्य करावयास हवे. तरीही यमूची कहाणी अद्याप शिळी झाली नाही.

आता आपल्या प्रदेशातील एका लेखकाकडे येऊ. बाबूराव अर्नाळकर हे त्यांचे टोपणनाव. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. वसईच्या उत्तरेस समुद्रकाठी अर्नाळा आहे, त्या गावावरून त्यांनी हे नाव घेतले. तो भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून तो तिकडे गेला. अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय हे नायक एके काळी घरोघर ठाऊक होते. पुस्तके आटोपशीर असत आणि वाचनालयांतून हातोहात जात. शाळामास्तरांना ही पुस्तके आवडत नसत. पुष्कळ वर्गांतून ती जप्त झाली आणि जप्त केलेली पुस्तके कित्येकदा मास्तरांनीच घरी नेऊन वाचली, असेही सांगतात.

अर्नाळकरांची भाषा सरळ आहे. दार कोणत्या लाकडाचे होते ह्याची चौकशी ते करीत नाहीत. दारामागे कोण आहे, ह्याची करतात. त्यांच्या कथांत वर्णन येते ते कामापुरते. हजार पुस्तकांत थोडी तरी आवृत्ती होणारच, आणि एक पुस्तक दुसऱ्यापासून वेगळे आठवत नाही ही तक्रारही खरी आहे. गोष्ट संपली की हातात फारसे काही उरत नाही. असे असले, तरी ज्यांच्या घरात पंचांगावाचून छापील कागद नव्हता, अशा सहस्रावधी माणसांना पान उलटण्याची सवय ह्या पुस्तकांनी लावली. वाचनाची पहिली पायरी ज्याने बांधली, त्याला शिखर का बांधले नाहीस म्हणून दटावणे मला न्यायाचे वाटत नाही.

तेव्हा एका टोकाला बाणभट्ट आणि दुसऱ्या टोकाला अर्नाळकर. ह्या दोहोंमधील जागा नेमकी कोठे, हे नियम सांगून कळणार नाही. त्यासाठी आपण स्वतःच एक लहानशी गोष्ट रचून पाहू. स्थळ आपल्याच परिसरातले घेऊ.

मुंबईची पहिली आगगाडी १८५३ साली ठाण्यापर्यंत धावली, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले आणि १८५५ च्या ऑक्टोबरात वाशिंदला. तेथे ते थांबले. आसनगावपर्यंतचा फाटा १८६० साली सुरू झाला. म्हणजे मधली चार-साडेचार वर्षे वाशिंद हे ह्या बाजूला लोहमार्गाचे टोक होते. घाटाकडे जाणाऱ्याने येथे उतरावे आणि पुढे बैलगाडी, तट्टू किंवा स्वतःचे पाय ह्यांवर विसंबावे. आज गाडीतून कसाऱ्याकडे झरझर जाणाऱ्यांना हे खरेही वाटणार नाही.

समजा, त्या वर्षांतील एका पावसाळ्यात एक मुलगा मुंबईहून आजारी आईसाठी औषध घेऊन निघाला आहे. त्याला शहापूरकडे जावयाचे आहे. ही गोष्ट अशी सांगता येईल:

“गाडी वाशिंदला थांबली. मुलगा उतरला. रात्र झाली होती. पाऊस पडत होता. तो शहापूरच्या वाटेने निघाला. वाटेत ओढ्याला पूर आला होता. तो ओढा ओलांडून घरी गेला. त्याने आईला औषध दिले.”

ह्यात व्याकरणाची चूक नाही. गोष्टही पूर्ण आहे. मात्र हे एखाद्या जबाबासारखे वाटते. मुलाला भीती वाटली काय, औषध भिजले काय, ह्याची आपल्याला चिंताच वाटत नाही. कारण चिंता वाटण्यास अवसर मिळण्यापूर्वीच तो घरी पोहोचला. आता दुसरी रीत पाहा:

“निशादेवीने आपला कृष्णवर्ण शालू अवनीतलावर पसरला होता. मेघराजाच्या गगनभेदी गर्जनांनी दशदिशा दुमदुमत होत्या. चंचल सौदामिनी नभोमंडपात नर्तन करीत होती. वृक्षलता जणू वर्षाराणीच्या स्वागतार्थ माना डोलावीत होत्या. अशा त्या भयाण समयी एक मातृभक्त बालक मार्गक्रमण करीत होते.”

विद्यार्थी मित्रहो, हसू नका. अशी वाक्ये मी निबंधांच्या वह्यांत वर्षानुवर्षे वाचली आहेत आणि त्यांखाली ‘छान’ असा शेरा लिहिणारे शिक्षकही पाहिले आहेत. ह्या उताऱ्यात काय बिघडले, ते नीट पाहा. शब्द अवघड आहेत, हा मुख्य बिघाड नव्हे. ह्यात वाशिंद नाही. हीच रात्र नागपूरला, कोल्हापूरला, कोठेही उचलून ठेवता येईल. आणखी असे की, वृक्षलता स्वागतासाठी माना डोलावतात आणि तोच समय भयाण आहे, ह्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. भिजलेल्या, भ्यालेल्या मुलाला वर्षाराणी दिसत नसते. ती लेखकाला दिसली, आणि लेखक त्या वेळी कोरड्या जागी बसला होता.

आता तिसरी रीत:

“रूळ येथे संपत होते. इंजिनाच्या दिव्याच्या उजेडात मातीचा एक ढीग दिसत होता आणि त्यापलीकडे काहीच नव्हते. गाडीवानांनी बैल सोडून बांधले होते. ह्या पावसात कोणी निघणार नव्हते. मुलाने औषधाची बाटली मुंडाशाच्या घडीत गुंडाळली, मुंडासे डोक्याला आवळले आणि तो वाटेला लागला. ओढा त्याला दिसण्याआधी ऐकू आला. मग पाणी पायांना लागले. गुडघ्यापर्यंत आले. मांडीपर्यंत आले. त्याने एक हात डोक्यावर धरला.”

येथेही वर्णन आहे. किंबहुना पहिल्या उताऱ्याच्या मानाने पुष्कळ आहे. तरी त्यातील एकही वाक्य गोष्टीला थांबवून ठेवीत नाही. रूळ संपले, हे आजच्या वाचकाला ठाऊक नाही आणि ते कळल्याखेरीज मुलगा पायी का निघाला हे समजणार नाही. म्हणून ते सांगितले. बांधलेले बैल दाखविले, कारण त्यांवरून पावसाचा जोर कळतो आणि मुलगा एकटा आहे हेही कळते. बाटली डोक्यावर ठेवली, म्हणून पाणी वर चढू लागताच आपला जीव वर येतो. वीज, मेघ, वृक्ष ह्यांचे नावही काढले नाही. ते तेथे नव्हते असे नाही, पण मुलाला त्यांच्याशी कर्तव्य नव्हते.

वर्णनाची परीक्षा ही अशी घ्यावी: वाक्यावर बोट ठेवून ते झाकावे आणि पुढे वाचावे. काही हरवले असे वाटले, तर वाक्य राहू द्यावे.

ह्यावर कोणी विचारील, की मग ‘मृत्युंजय’चे काय? शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ साली आली. तिची भाषा अलंकारांनी लवलेली आहे, आणि ती तर घरोघर वाचली गेली. प्रश्न योग्य आहे, आणि बोट ठेवून झाकण्याची आपली परीक्षा तेथे सर्वस्वी चालत नाही. ‘मृत्युंजय’ हाती घेणाऱ्या वाचकाला कर्णाचे पुढे काय झाले हे लहानपणापासून ठाऊक असते. रथाचे चाक भूमीत रुतणार, हे तो जाणून आहे. त्याला घाई नसते. घडले काय ह्यापेक्षा घडताना कर्णाच्या मनात काय होते, कुंतीने ते कसे सोसले, हे त्याला ऐकावयाचे असते. आणि ती कादंबरी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण ह्या सहा जणांच्या तोंडूनच सांगितली आहे. रणजित देसायांच्या ‘स्वामी’चीही (१९६२) हीच गोष्ट. माधवराव पेशवे अल्पवयात जाणार हे आपण इतिहासात शिकलेलो असतो, म्हणून शनिवारवाड्यातील एखाद्या संध्याकाळी लेखक रेंगाळला तर आपणही त्याच्याबरोबर रेंगाळतो. ज्या कथेचा शेवट ठाऊक आहे तिला भरजरी वस्त्र शोभते. ज्या कथेचा शेवट ठाऊक नाही तिच्या पायांत ते येते. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’लाही (१९५९) हे बऱ्याच अंशी लागू पडते. खांडेकरांची उपमांनी नटलेली वाक्ये मुलांनी सुविचारांच्या वह्यांत उतरवून घेतली. लेखकाचा हा मोठाच गौरव आहे. मात्र मूळ कथेतून सुटी करून घेतलेली वाक्ये मुलांच्या निबंधांत जशीच्या तशी येऊन बसली, त्याला खांडेकर काय करणार?

उलट प्रकारचे उदाहरण गोपाळ नीलकंठ दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’ ह्या कादंबरीचे आहे. मुंबईची वस्ती सोडून एक म्हातारा राजमाचीवर राहावयास येतो, एवढेच तिचे कथानक. कोणी म्हणेल, येथे तर वर्णनाखेरीज काहीच नाही. खरे आहे. परंतु झाडे, पाखरे, पाऊस आणि एक कुत्रा हेच त्या म्हाताऱ्याचे सोबती आहेत; त्यांचे वर्णन म्हणजे त्याच्या गोतावळ्याची हकीकत. लेखक स्वतः डोंगरकिल्ले पायांखाली घालणारा होता, म्हणून त्याला झाडाला नुसते झाड म्हणून भागत नाही. त्याच लेखकाची ‘जैत रे जैत’ ठाकरांच्या जीवनावर आहे. तीत कडा आणि त्याला लागलेली आग्यामाश्यांची पोळी ही शोभा नव्हेत. नायकाचे वैर त्यांच्याशीच आहे. १९७७ साली तिच्यावर चित्रपट निघाला, तो तुमच्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. व्यंकटेश माडगूळकर ह्यांची तऱ्हा आणखी निराळी. ते चित्रकारही होते आणि ‘बनगरवाडी’त (१९५५) ते रेघेने काम करतात, रंगाने नव्हे. धनगरांच्या वाडीवर एक कोवळा शिक्षक येतो. वाडी, मेंढरे, मग दुष्काळ. वाक्ये आखूड आहेत. इतक्या थोड्या शब्दांत गाव उभे करणारे पुस्तक मराठीत विरळाच आढळेल, असे माझे मत आहे.

ही सारी चर्चा मोठ्या लेखकांची झाली, आपल्याला तिचा उपयोग काय, असे तुमच्या मनात आले असेल. उपयोग सांगतो. ‘पावसाळा’ हा निबंध लिहावयास दिला की, ज्याच्या घरी शेत नाही तो आणि ज्याचे सारे घर आषाढात चिखलात उभे असते तो, दोघेही एकच निबंध लिहितात. दोघांच्याही वहीत मोर नाचतो आणि धरित्री हिरवा शालू नेसते. वास्तविक दुसऱ्या मुलाला केवढे ठाऊक असते! उन्हाळ्यात राब भाजताना उठणारा धूर, पहिल्या पावसानंतर खाचरात पाहिलेले आवण, इरले पाठीवर घेऊन लावणी करणाऱ्या बायकांची वाकलेली रांग, रात्री कंदील घेऊन धरलेल्या चिंबोऱ्या, ओहोळातून वर चढणारे वलगणीचे मासे. हे शब्द तो घरी दिवसभर बोलतो आणि वही उघडताच दप्तराबाहेर ठेवतो. कारण पुस्तकी मराठी वेगळी आणि आपली मराठी हलकी, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. कातकऱ्याच्या, ठाकराच्या मुलाच्या मनात तर हा समज अधिकच खोल रुतलेला असतो. ज्याला रानातल्या प्रत्येक वेलीचे नाव ठाऊक आहे, तो मुलगा ‘वृक्षलता’ असे लिहून मोकळा होतो. सर्व वेली एका शब्दात जातात आणि त्यांबरोबर तोही जातो. त्याच्या वहीत मग त्याचे असे काही उरत नाही, आणि त्याला काही सांगावयाचे होते हे शिक्षकालाही कळत नाही.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ९ फेब्रुवारीस आरंभ केला आणि १३ तारखेच्या पहाटे ती संपविली. आश्रमातील मंडळी रात्री जमतात आणि श्याम एकेक आठवण सांगतो, अशी तिची रचना आहे. समोर ऐकणारे बसले आहेत, हे लेखक कोठेही विसरत नाही. तुम्हीही लिहिताना समोर कोणाला तरी बसवावे. आजी असेल, धाकटी बहीण असेल. तिने चुळबुळ केली की मेघराजाला रजा द्यावी. तिने ‘म्हणजे काय?’ असे विचारले की थांबून नीट दाखवावे.

आपला मुलगा अजून ओढ्यात उभा आहे. पाणी मांडीपर्यंत आले आहे आणि त्याचा एक हात डोक्यावर आहे. पलीकडचा काठ कसा होता, चिखलाचा की खडकाचा, तेथे झाडी होती की उघडी खाचरे, हे तुमच्यापैकी ज्यांनी पावसाळ्यात ओढा ओलांडला आहे, त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. वहीची दोन पाने घ्या आणि त्याला पलीकडे न्या.